हौदाची भेग, किल्लारीचा भूकंप आणि एक अभियंता साहेब

नमस्कार साहेब,

उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण पहिल्या रात्री जे टाइप केलं होतं ते बायकोने वाचलं आणि डिलीट करायला लावलं. हे दुसरं व्हर्जन आहे, जरा सौम्य.

मागची पोस्ट न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. बार्शीतल्या आमच्या घरामागे आजोबांनी १९६८ साली बांधलेला काँक्रीटचा कमळाचा हौद आहे, आठ बाय पाच, खोली अडीच फूट, निम्मा जमिनीत निम्मा वर. कित्येक वर्षं गळत होता, तो मी दिवाळीनंतर दुरुस्त केला आणि कसा केला ते फोटोंसकट लिहिलं, भेग किल्लारीच्या भूकंपात पडली हेही लिहिलं. त्यावर साहेबांचं म्हणणं असं की लीटरचा हिशोब चुकलाय, शेततळ्याचा कागद (प्लास्टिकचं अस्तर) टाकला असता तर स्वस्तात झालं असतं, शेजारच्या कडुलिंबाचा मी विचार केला नाही, आणि काळ्या मातीतली भेग दर उन्हाळ्यात हलते म्हणून तिच्यावर ताठर सिमेंट टिकत नाही, आधी भेगेवर आडवी काच चिकटवून (भेग हलली तर काच तडकते) एक उन्हाळा-पावसाळा बघायला हवं होतं. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: "भूकंपाची गोष्ट छान रंगवलीत, पण आठवणींवर बांधकाम चालत नाही, एवढं तरी शिकवणाऱ्याला कळावं."

पहिलं आधी मान्य करून टाकतो. १०० घनफूट म्हणजे २,८३० लीटर, मी ३,२८० लिहिलं होतं. आकडे उलटे पडले. पोस्टमध्ये दुरुस्त केलंय, धन्यवाद. चुकलं की चूक म्हणतो मी, सगळ्यांना जमत नाही ते.

आता "रंगवलीत".

साहेब, ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी तुम्ही कुठे होतात मला माहीत नाही. मी अकरा वर्षांचा होतो आणि याच घरात होतो. गणपती विसर्जनाची रात्र, उशिरा झोपलेलो, आणि एकदम फळीवरची भांडी खाली यायला लागली. किल्लारी आमच्यापासून शंभरेक किलोमीटर. वडिलांनी दंडाला धरून मागच्या अंगणात आणलं तेव्हा हौदातलं पाणी या काठावरून त्या काठावर हिंदकळत होतं आणि कमळाची पानं काठावर येऊन पडली होती. हे मी रंगवलेलं नाही, डोळ्याने बघितलंय. पुढचे आठ-दहा दिवस आम्ही सगळे अंगणात बाजेवर झोपलो, हौदाच्या शेजारी, तेव्हा त्या भिंतीकडे बघण्याशिवाय दुसरा उद्योग नव्हता. भेग तेव्हाच दिसली. आधी नव्हती. आजोबा रोज सकाळी खडूने पाण्याची खूण करायचे, आणि त्या दिवाळीपर्यंत हौद निम्म्यावर आला होता.

म्हणजे भेग एकदा पडली, एका धक्क्याने, आणि तिथेच थांबली. थांबलेल्या भेगेला ताठर माल चालतो, हे तर तुमच्याच लाइनमधले लोक सांगतात ना? छिन्नीने व्ही आकाराची खाच काढली, वीस मिलिमीटर खोल, तारेच्या ब्रशने घासली, लॅटेक्सची स्लरी (जुन्याला नवा माल चिकटावा म्हणून पातळ लेप) मारून आत न आकसणारा माल भरला, त्यावर जाळी आणि पॉलिमर सिमेंटचे दोन हात. गोणपाट टाकून सात दिवस पाणी मारलं, रात्री उठून सुद्धा. हे सगळं आठवणींवर नाही केलं, छिन्नीने केलं, अजून मनगट दुखतंय. बरोबर जे गवंडी मामा होते त्यांचं अख्खं आयुष्य हौद-टाक्यांत गेलंय, त्यांनीही भेगेत बोट घालून "जुनी आहे" एवढंच सांगितलं. त्यांच्याकडे डिग्री नाही, हे खरं.

आणि काळ्या मातीबद्दल म्हणाल तर साहेब, मी बार्शीचा आहे. उन्हाळ्यात रानात पाय घोट्यापर्यंत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या दोन पावसांत मिटतात, हे मला कॉमेंटमधून कळायची गरज नाही. पण माती हलते म्हणून आमचा हौद पण हलतो हे तुम्ही फोटो बघून कसं ठरवलंत? उलट आजी नेहमी सांगायची, हौद पावसाळ्यात काठोकाठ राहतो आणि मे महिन्यात मात्र कितीही भरा, खाली. पावसाळ्यात पाऊस पडतो आणि मे मध्ये ऊन असतं. आमच्याकडे मे मध्ये दिवसाला सेंटीमीटरभर पाणी नुसतं उडून जातं. यात मातीचा काय संबंध?

हो, बादलीची टेस्ट मी केलीये, कोणी विचारायच्या आत सांगतो. भरलेली बादली हौदातल्या पायरीवर ठेवायची, आत-बाहेर खूण करायची, बादलीपेक्षा हौद जास्त उतरला तर गळती. गेल्या आठवड्यात पाच दिवसांत बादली अडीच सेंटीमीटर, हौद पावणेतीन. मार्करची रेघच दोन मिलिमीटर जाड असते.

कागदाबद्दल: पाचशे मायक्रॉनचा कागद शेततळ्यात छान, तिथे उतार असतो. अडीच फुटी उभ्या भिंतींच्या चौकोनी हौदात कोपऱ्याला चुण्या पडतात आणि वर काळी कड दिसते. माझ्या आजोबांच्या हौदाला मी गोधडी घालणार नाही, बस. कडुलिंब बारा फुटांवर आहे, तो विषय सोडा. आणि नव्या सिमेंटचा खार जायला केळीचा खुंट टाकला त्याला तुम्ही हसायची स्मायली टाकलीत, तर पट्टीवर पीएच अकराच्या पुढे होता, तीनदा पाणी बदलल्यावर आठच्या आसपास आला, खुंटाने आला की पाणी बदलून आला ते तुम्ही ठरवा, हौदातले गप्पी मासे मजेत आहेत.

तुम्ही नावाखाली "तीस वर्षांचा अनुभव" लिहिलंय. असेल. माझ्याकडे एका हौदाचा बत्तीस वर्षांचा आहे. आणि "शिकवणाऱ्याला" म्हणजे काय, मी कुठे क्लास काढलाय? घरातलं काम केलं आणि लिहिलं. तेच "अहो, मला जरा शंका वाटते" असं म्हणाला असतात तर फोन नंबर घेऊन बोललो असतो तुमच्याशी, चहाला बोलावलं असतं.

राहिली काच. लावलीये. मुलीच्या मायक्रोस्कोपच्या डब्यातली एक स्लाइड, हौदाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे भेग मी भरलेली नाही, नुसता चुना मारलाय, तिथे आडवी, दोन्ही टोकांना अ‍ॅरल्डाइट. तुम्ही म्हणालात म्हणून नाही, तिला शाळेत प्रोजेक्ट आहे. आज सकाळपर्यंत अखंड आहे. फेब्रुवारी चालू आहे, माहितीये मला.