चेहरा बघून भाव

मागच्या आठवड्यात दादाने व्हॉट्सॲपवर दोन स्क्रीनशॉट पाठवले. ॲप एकच, पत्ता एकच, वेळही एकच. तीच किलोभर तूरडाळ एका फोनवर 11 रुपयांनी महाग. खाली एकच ओळ: "तुझ्याच धंद्यातली विद्या ना ही?"

दादाचं कर्वेनगरात किराणा दुकान आहे, अण्णांनी सुरू केलेलं. मी शिकागोच्या एका उपनगरात राहते आणि एका सुपरमार्केट साखळीच्या हेड ऑफिसात, भाव ठरवणाऱ्या विभागात काम करते. दह्याचा डबा 10 सेंटनी महाग केला तर किती डबे कमी खपतील, शेजारच्या ब्रँडचे किती जास्त खपतील, असले हिशेब दिवसभर मांडायचे. त्यामुळे तिकडे ॲपवाल्यांनी काहीही केलं की घरच्या ग्रुपवर आरोपीच्या पिंजऱ्यात मी.

तिकडचा वाद मला रोज सकाळी पन्नास-साठ मेसेजच्या रूपाने भेटतो. दहा मिनिटांत सामान घरी आलं तर कोपऱ्यावरच्या वाण्याचं काय होणार, हा त्याचा पहिला अंक. दुसरा अंक भावाचा. जानेवारी 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबरला नोटिसा काढल्या, आयफोनवाल्याला एक भाडं आणि अँड्रॉइडवाल्याला वेगळं का दिसतं म्हणून. कंपन्यांनी इन्कार केला. तेव्हापासून घरोघरी दोन फोन शेजारी ठेवून पंचनामे चालू आहेत. आतेभाऊ म्हणतो, यंत्राला आपली कुंडली पाठ आहे. भाचा म्हणतो, मामा, वाणी तरी काय हरिश्चंद्र लागून गेलाय? दोघांचं एका गोष्टीवर एकमत असतं: कुठेतरी बसलेल्या मॅनेजरला आपल्याबद्दल सगळं कळतं, आणि कळलं की तो ते लगेच वापरतो.

मी त्या मॅनेजरच्या शेजारच्या खुर्चीत बसते. कळतं त्याला बरंच. वापरायचं मात्र त्याच्या जिवावर येतं.

आमच्याकडे दह्याचा एक कॅटेगरी मॅनेजर होता, म्हणजे सगळ्या दुकानांतल्या दह्याचा भाव ठरवणारा, याच धंद्यात केस पांढरे झालेला. एकदा मी त्याच्यापुढे दोन दुकानांचे आकडे ठेवले. एक दुकान तळ्याकाठच्या श्रीमंत वस्तीतलं, दुसरं दक्षिणेकडच्या कामगार वस्तीतलं. पहिल्या दुकानात भाव वाढला तरी गिऱ्हाईक ढिम्म. दुसऱ्यात पाच सेंट वाढले की लोक सरळ खालच्या फळीवरच्या स्वस्त डब्याकडे वाकायचे. म्हणजे एकीकडे भाव चढवा, दुसरीकडे उतरवा, दोन्हीकडे साखळीचाच फायदा. त्याने चष्मा कपाळावर सरकवून कागद वाचला, "झकास आहे" म्हणाला, आणि दोन्ही दुकानांत होता तोच भाव ठेवला. जाहिरातीचं पत्रक एकच छापतात, दोन भाव दिसले की तक्रारीचे फोन येतात, वगैरे. खरं कारण त्याने सांगितलं नाही: गेल्या वर्षी हाच भाव होता आणि गेल्या वर्षी त्याची नोकरी गेली नव्हती.

हा आमच्याच ऑफिसचा आळस असेल असं मला वाटायचं. तो साऱ्या देशाचा निघाला. स्टेफानो डेला विग्ना आणि मॅथ्यू गेन्ट्झको या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या किराणा, औषधं आणि सर्वसाधारण मालाच्या साखळ्यांचे बिलांचे आकडे तपासले. 2019 मध्ये त्यांचा निबंध आला. बहुतेक साखळ्या आपल्या सगळ्या दुकानांत जवळजवळ एकच भाव लावतात, मग वस्ती श्रीमंत असो की गरीब. या सवयीपायी मधल्या फळीतली साखळी वर्षाला 1 कोटी 60 लाख डॉलरच्या नफ्यावर पाणी सोडते, असा त्यांचा अंदाज. असं का, हे धंद्यातल्या लोकांना विचारलं तेव्हा वारंवार दोन कारणं पुढे आली: मॅनेजरांची सुस्ती आणि नावाला बट्टा लागण्याची भीती. निबंध वाचून मला आमचा दहीवाला आठवला आणि एकटीच हसले.

त्याच निबंधात एक गोष्ट आहे जी वाचून हसू येत नाही. सगळीकडे एकच भाव म्हटलं की आपल्याला ते न्यायाचं वाटतं. पण गरीब वस्तीतलं गिऱ्हाईक भावाला जास्त बिचकतं, त्यामुळे दुकानागणिक भाव ठरले असते तर तिथे तो उतरला असता. मॅनेजरच्या आळसाची किंमत गरीब घरं मोजतात. ग्रुपवर मी हे लिहिलं तर आतेभाऊ म्हणेल, बघा, ही कंपनीचीच बाजू घेणार.

शिकागोला या विद्येत जुना मान आहे. इथे डॉमिनिक्स नावाची साखळी होती. 1989 पासून काही वर्षं तिने आपली दुकानं शिकागो विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलला प्रयोगासाठी दिली. 86 दुकानं, 26 प्रकारचा माल. काही ठिकाणी रोजचा भाव 10 टक्क्यांनी उतरवला, काही ठिकाणी 10 टक्क्यांनी चढवला. भाव उतरवला तिथे खप 3 टक्के वाढला. चढवला तिथे 3 टक्के घटला. बस. म्हणजे स्वस्ताई केली तिथे नफा 18 टक्क्यांनी बुडाला, आणि भाव वाढवून मधूनमधून सेल लावले तिथे 15 टक्क्यांनी वाढला. ती साखळी 2013 च्या अखेरीस बंद पडली. तिचे आकडे मात्र जगभरचे विद्यार्थी अजून उतरवून घेतात.

इथली माणसं भाव बघतच नाहीत, असा याचा सरळ अर्थ मी सुरुवातीला काढला होता. आई हे ऐकून चक्रावली. तिच्याकडे हिशेबाच्या वह्या आहेत. मार्चमध्ये शेंगदाणे काय भावाने घेतले आणि ऑगस्टमध्ये काय, हे ती वही न उघडता सांगते. पण तिचीच गंमत सांगते. चहाची पूड ती गेली चाळीस वर्षं एकाच नावाची घेते, आणि तिचा भाव तिला विचारला तर म्हणते, "तो काय बघायचा? ती घ्यायचीच असते."

माझंही तेच. शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवर 1974 साली पटेल ब्रदर्स या भारतीय किराणा साखळीचं पहिलं दुकान निघालं, आज त्यांची दुकानं अमेरिकाभर आहेत. मी महिन्यातून एकदा तिथे जाते आणि आईचीच चहापूड घेते. तिच्याशेजारी तेवढाच चांगला चहा कितीतरी स्वस्त असतो. तो स्वस्त का आणि हा महाग का, हे मी तक्ता काढून समजावू शकते. हात मात्र ठरल्या डब्याकडेच जातो. ब्रॉननबर्ग, दुबे आणि गेन्ट्झको यांनी 2012 मध्ये अमेरिकेतल्या अमेरिकेत स्थलांतर करणाऱ्यांच्या खरेदीवर हेच दाखवलं: नव्या राज्यात गेल्यावर ब्रँडच्या आवडीनिवडीतला सुमारे 60 टक्के फरक लगेच मिटतो, उरलेला मिटायला दशकं लागतात. आपल्याकडच्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे घेऊन डेव्हिड ॲटकिन यांनी परराज्यात गेलेल्या भारतीयांचं पाहिलं, तर चित्र आणखी बोचरं. भातवाली माणसं गव्हाच्या मुलखात गेली तरी महागडा भातच खातात, आणि शेजाऱ्यापेक्षा रुपयामागे कमी उष्मांक पोटात घालतात. खिशात पैसे कमी असतानासुद्धा.

माझा हा हट्ट यंत्राला कळला आणि माझ्यापुरताच त्या डब्याचा भाव 40 सेंटनी चढला तर? मी मुकाट देईन. दुकानातला दहीवाला हे करणार नाही. त्याला एका माणसासाठी फळीवरची चिठ्ठी बदलता येत नाही आणि तेवढी हौसही नाही. ॲपला ना चिठ्ठी बदलायची, ना कंटाळा. डिसेंबर 2025 मध्ये इथल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स आणि ग्राउंडवर्क या संस्थांनी इन्स्टाकार्ट या घरपोच किराण्याच्या ॲपवर शेकडो स्वयंसेवकांकडून एकाच वेळी एकाच दुकानातला तोच माल बघवला. काही वस्तूंच्या भावात 23 टक्क्यांपर्यंत फरक निघाला. बोभाटा झाला आणि कंपनीने त्याच महिन्यात हे प्रयोग बंद करत असल्याचं जाहीर केलं. न्यूयॉर्क राज्यात तर आता कायदाच आहे: गिऱ्हाइकाची वैयक्तिक माहिती वापरून अल्गोरिदमने भाव ठरवला असेल तर तसं भावाशेजारी लिहा. लिहा, एवढंच. करू नका असं नाही.

आपल्याकडच्या वादात एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही, कदाचित ती जन्मापासून बघतो म्हणून. पाकिटावर छापलेली एमआरपी. माझ्या सहकाऱ्यांना मी पहिल्यांदा सांगितलं की आमच्याकडे साबणाच्या वेष्टनावर जास्तीत जास्त भाव छापायचा कायदा आहे आणि लेह असो वा लातूर, त्याच्यावर एक पैसा घेता येत नाही, तेव्हा त्यांना ती समाजवादाची लोककथा वाटली. अमेरिकेत मॅनेजरांच्या सुस्तीने जे होतं ते आपल्याकडे कायद्याने छापून मिळतं. आणि सुस्ती एखाद्या सॉफ्टवेअरने उडवून लावता येते. एमआरपीला हात लावायला सरकारला नियम बदलावे लागतात.

अर्थात त्या भिंतीला भोकं आहेत, आणि सारा खेळ त्या भोकांतून चालतो. डाळी, सुका मेवा, ॲपच्या स्वतःच्या नावाचा माल यांवर एमआरपी इतकी फुगवून छापतात की तिच्याखाली कुणाला किती सूट द्यायची याला मैदान मोकळं. शिवाय हाताळणी शुल्क, पावसाचं शुल्क, छोट्या ऑर्डरचं शुल्क; यातलं काहीच पाकिटावर छापलेलं नसतं. नोव्हेंबर 2023 च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत फसव्या मांडणीचे 13 प्रकार दिले आहेत, शेवटच्या पडद्यावर उगवणारी शुल्कं त्यात आहेत. आतेभावाने यंत्राच्या कुंडलीऐवजी या शुल्कांवर भांडावं असं मला वाटतं. कुंडली सिद्ध करता येत नाही, शुल्क बिलावर असतं.

मॅनेजर भावाला किती घाबरतो हे बघायचं तर पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा घ्या. 22 सप्टेंबर 2025 ला बिस्किटांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. हिशेबाने पुडा 4.45 रुपयांना यायला हवा. दादाने तेव्हा फोन करून विचारलं होतं, "55 पैसे परत कुठून देऊ? खिडकीतून?" पाचाचं नाणं हा त्या पुड्याचा खरा मालक आहे, महागाईत आतली बिस्किटं कमी होतात, स्वस्ताईत वाढवता येतात, पाच सहसा हलत नाही. इथे त्याच सुमाराला, नोव्हेंबरमध्ये, चलनातल्या एका सेंटचं शेवटचं नाणं पाडलं गेलं. भावाच्या शेवटचा 99 मात्र जागचा हलला नाही.

आता दादाच्या तूरडाळीकडे. मी त्याला विचारलं, दुसरा फोन कुणाचा? तो आधी गप्प. मग म्हणाला, "पिंकीचा." माझी भाची, दादाची मुलगी, दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहते आणि वर्षभर त्या ॲपवरून रात्रीचं काहीबाही मागवते. दादाने ॲप त्याच दिवशी उतरवलं होतं. 11 रुपये महाग पिंकीला. माझा अंदाज असा की यात फोनच्या किमतीचा संबंध नसावा. नव्याला ओढायला सूट आणि सवयीच्याला पूर्ण भाव, एवढंच गणित. जुन्या गिऱ्हाइकाला जास्त पैसे लावायचे, हे ऐकून दादा ॲपवर नाही, माझ्यावर चिडला. "अगं, असं केलं असतं तर अण्णांचं दुकान सहा महिन्यांत बसलं असतं."

अण्णांचं बसलं नाही, हे खरं. पण गेल्या मे महिन्यात मी त्याच्या गल्ल्यापाशी बसले होते, शटर अर्धं खाली आलं होतं. एक तरुण धापा टाकत वाकून आत आला. डायपर हवे होते. दादा त्या पाकिटावर दिवसा 10 टक्के सोडतो, समोरच्या सोसायटीतल्या दोन जणींना त्याहून थोडे जास्त. त्या पोराला त्याने छापील भाव लावला. त्याने यूपीआय केलं, पडद्याकडे न बघता पळाला.

"ही तर सर्ज प्राइसिंग झाली, गरज बघून भाव," मी म्हटलं.

दादाने शटर पुरतं ओढलं, कुलूप शोधायला लागला. "एमआरपीच्या वर गेलो का?"