सोनोग्राफीला गेल्यावर काय विचारायचं

सातारा-सांगलीकडं सोनोग्राफी करून आलेल्या बाईला घरातला पहिला प्रश्न अजूनही "काही कळलं का?" असाच असतो. कशाबद्दल, ते कुणाला सांगावं लागत नाही. या एका प्रश्नापायी त्या तपासणीत खरंच विचारायला हवं ते राहून जातं आणि ते आई-बाळाला भोवतं, म्हणून हे लिहितोय.

मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्याच क्षणी ठरतं. स्त्रीबीजात नेहमी एक्स गुणसूत्र असतं. शुक्राणूतून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. पाळी चुकते तोवर हे ठरून गेलेलं असतं. तरीही 'मुलगा होण्याची' पुडी गुपचूप दिली जाते, तीसुद्धा पहिल्या तीन महिन्यांत, म्हणजे बाळाचे अवयव घडत असतात नेमक्या त्याच काळात. पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. कृपा करून सुनेला असलं काही देऊ नका. पोट टोकदार की गोल, डोहाळे आंबटाचे की गोडाचे, यावरून काहीच कळत नाही. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असणं मुलगा-मुलगी दोघांतही नॉर्मल आहे. लघवीत खायचा सोडा टाकल्यावर येणारा फेस लघवीच्या आम्लपणामुळे येतो, त्यावरूनही मुलगा-मुलगी कळत नाही.

पहिली सोनोग्राफी साधारण ६ ते ९ आठवड्यांत. गर्भ पिशवीतच आहे ना, नळीत नाही ना, ठोके आलेत का आणि दिवस किती भरलेत, हे विचारा. दुसरी ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळात. तिच्यात बाळाच्या मानेमागचं पाणी मोजतात. ही वेळ गेली की ते माप घेता येत नाही. तिसरी सगळ्यांत मोठी, १८ ते २० आठवड्यांची अॅनोमली स्कॅन, म्हणजे बाळात व्यंग आहे का ते बघणारी. मेंदू, मणका, हृदयाचे कप्पे, किडन्या, हातपाय हे एकेक करून बघतात. वार (प्लॅसेंटा) खाली तर नाही ना, हेही विचारून घ्या.

घोटाळा इथंच होतो. "पाचवा संपल्यावर जाऊ" म्हणत लोक तेविसाव्या-चोविसाव्या आठवड्यात येतात. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे, हेही अनेकांना कुणी सांगितलेलं नसतं. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली बदल झाला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये ठरावीक कारणांसाठीच आणि दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो. त्यापुढं बाळात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्डाकडं जावं लागतं. व्यंग उशिरा कळलं की सगळं अवघड होतं. आणि लिंगनिदानबंदी म्हणजे गर्भपातबंदी नव्हे. कायद्यात बसणारा गर्भपात बाईला नाकारणं हाही अन्यायच.

प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला फॉर्म एफ भरतात. आधीची मुलं किती आणि कोण, शेवटची पाळी, तपासणीचं कारण, सगळं त्यात येतं. 'मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही' हे तिचं प्रतिज्ञापत्रही असतं. कोऱ्या फॉर्मवर सही मागितली तर करू नका.

महाराष्ट्रानं लिंगनिदानबंदीचा कायदा १९८८ मध्येच केला, देशाचा १९९४ चा. शब्दानं, खुणेनं, कशानंही लिंग सांगणं गुन्हा आहे. 'पेढा' किंवा 'जिलेबी' म्हटलं तरी गुन्हाच. सांगणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड. तपासणी करवून घेणाऱ्या नातेवाइकांना कैद तेवढीच, दंड मात्र ५० हजारांपर्यंत. नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी तिला भाग पाडलं असं कायदा गृहीत धरतो. हद्द ओलांडून कर्नाटकात गेलं तरी हाच केंद्राचा कायदा लागू.

२०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं सांगलीत ८६७ आणि साताऱ्यात ८९५ मुली होत्या. त्याच वर्षी साताऱ्यात 'नकुशा' नावाच्या २८० हून जास्त मुलींना नवी नावं दिली. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळजवळ १९ भ्रूण सापडले. आपल्या भागात हे कमी झालं असं म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

कुठं लिंग सांगतात असं कळलं तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडं तक्रार करा. राज्याचा टोल फ्री नंबर १८०० २३३ ४४७५. सोनोग्राफी केंद्राचं नाव, गाव आणि तारीख एवढं नीट सांगितलं तरी फॉर्म एफच्या नोंदी तपासता येतात. या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्याच लागतात, म्हणून उशीर करू नका.