टेबलाखालचा स्पीकर आणि इंजिनाच्या पोटातला आवाज

नाशिकच्या मॉडेल ट्रेनवाल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. कोणी लिहिला ठाऊक नाही, पण ‘अनुभवी माणसाचा सल्ला’ म्हणून जो तो पुढे ढकलतोय. मथितार्थ असा: इंजिनात डिजिटल साउंड बसवणं म्हणजे पैशाचा चुराडा. आवाज म्हणजे नुसतं रेकॉर्डिंग. टेबलाखाली ब्लूटूथ स्पीकर ठेवा नि मोबाइलवरून लावा, फरक कळणार नाही. नखाएवढ्या स्पीकरमधून चिरकाच आवाज येणार. जुन्या इंजिनात डिकोडर (हुकूम वाचून मोटर नि आवाज चालवणारं छोटं सर्किट) घातला की मोटर जळते. डीसीसीला (रुळांतून डिजिटल हुकूम पाठवून प्रत्येक इंजिन वेगळं चालवायची पद्धत) लाखभर रुपये लागतात. आणि एवढं करूनही भारतीय इंजिनांचे आवाज मिळतच नाहीत.

पैशाचं दुखणं खोटं नाही. चांगला साउंड डिकोडर बाहेरून मागवून हातात पडेपर्यंत दहा हजारांच्या पुढे जातो. महाग आहे म्हणा, परवडत नाही म्हणा, त्यावर कोणी भांडणार नाही. बाकीचं जे छातीठोकपणे लिहिलंय, ते मात्र इंजिनाची बॉडी कधी न उघडलेल्या माणसाचं वाटतं.

आधी रेकॉर्डिंगचं बघू. डिकोडरच्या चिपमध्ये खऱ्या इंजिनाचे आवाज साठवलेले असतात, हे खरंच. पण ती एक सलग फीत नसते, तुकडे असतात. इंजिन सुरू होतानाचा, आयडलचा (उभ्याने धडधडण्याचा), आठही नॉचचा (थ्रॉटलच्या पायऱ्यांचा) वेगवेगळा, एका नॉचवरून दुसऱ्यावर जातानाचा, हॉर्न, कंप्रेसर, थांबताना ब्रेकची किंकाळी. कुठला तुकडा कधी वाजवायचा हे डिकोडर ठरवतो, आणि ते ठरवताना मोटरकडे लक्ष ठेवून असतो. मोटरला तो ठोके देऊन वीज पुरवतो. मध्येच क्षणभर पुरवठा थांबवून, फिरती मोटर स्वतः किती व्होल्ट तयार करतेय ते मोजतो. म्हणजे चाकं किती जोरात फिरताहेत आणि ओझं किती पडलंय, याचा अंदाज त्याला सतत असतो. ईएसयू कंपनीचा लोकसाउंड 5 हा साउंड डिकोडर एका वेळी दहा आवाज एकत्र वाजवू शकतो. ब्लूटूथ स्पीकरला यातलं काय कळणार?

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. कसारा ते इगतपुरी चढ 37ला 1 आहे, मागून बँकर (ढकलणारं जादा इंजिन) लावल्याशिवाय जड गाडी वर येत नाही. गाडी हळू, पण इंजिन जीव तोडून ओढतंय. तीच गाडी नाशिक रोडच्या यार्डात शिरताना तितक्याच हळू चालते, पण तेव्हा ताकद लागतच नाही. वेग सारखा, आवाज अगदी उलटे. लोकसाउंडमध्ये यासाठी ड्राइव्ह होल्ड नावाची सोय आहे. बटण दाबलं की इंजिनाचा वेग आहे तिथेच राहतो आणि थ्रॉटल फक्त आवाजाच्या हाती येतो. डिझेल इंजिन असेल तर नॉच वर न्या, घाट चढतंय असं वाटेल. नॉच खाली आणा, उताराला लागल्यासारखं. वाफेच्या इंजिनात तर गोष्ट आणखी बारीक. दोन सिलिंडरच्या इंजिनाचं मोठं चाक एकदा फिरलं की चार भपकारे यायला हवेत, आणि ते डिकोडरच्या सेटिंगमध्ये चाकाशी जुळवता येतात. मोबाइलवरच्या फायलीशी चाक जुळवत बसा मग.

शिवाय डीसीसीमध्ये रुळावर वीज कायम असते, एचओ स्केलला (खऱ्याच्या 1/87 आकाराच्या मॉडेलला) साधारण 14-15 व्होल्ट. इंजिन उभं असलं तरी डिकोडर जागा असतो. त्यामुळे इंजिन प्लॅटफॉर्मला धडधडत उभं राहतं, हॉर्न देतं आणि मग हलतं. दोन इंजिनं असतील तर दोन जागांहून दोन आवाज येतात. खोलीतल्या एका कोपऱ्यातून सगळ्यांचा मिळून गोंगाट येत नाही.

आता चिरक्या आवाजाचं. या तक्रारीत तथ्य आहे, पण दोष बहुतेक वेळा बसवणाऱ्याचा असतो. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढे हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागे विरळ होते. उघड्या स्पीकरमध्ये या दोन्ही लहरी कडेने वळसा घालून एकमेकींना मारतात, आणि आधी मरतो तो खर्ज. उरतं ते चिर्र. म्हणून स्पीकरमागे हवाबंद डबी लागते. साधारण 15 बाय 11 मिलिमीटरचा ‘शुगर क्यूब’ स्पीकर नुसता हातात धरून वाजवा, मग तोच त्याच्या छोट्या प्लास्टिकच्या डबीवर बोटाने दाबून धरा. आवाज लगेच जाड होतो. बोट जरा सैल सोडा, पुन्हा चिरका. ही फट बुजवायला थोडंसं चिकट पुट्टीसारखं काहीही पुरतं, पण कडेने चारही बाजूंनी, वायर बाहेर येते तिथेसुद्धा. बहुतेकांची गळती नेमकी वायरच्या भोकातून असते. स्पीकर हवा असेल तर एमजी रोडवरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडेही जुन्या फोनचे चांगले निघतात. फक्त डिकोडरला किती ओहम चालतो ते आधी बघा. लोकसाउंडच्या जुन्या 3.5 आवृत्तीला 100 ओहम लागायचे, नव्यांना 4 किंवा 8 चालतात. जुन्यावर 8 ओहमचा लावला तर अ‍ॅम्प्लिफायरला राम म्हणायला लावाल.

तरीही खऱ्या अल्को डिझेल इंजिनाचा खर्ज एवढ्या डबीतून येणार नाही, हे मान्य. त्याच कुळातलं भारतीय रेल्वेचं डब्ल्यूडीएम-2 आयडलला मिनिटाला साधारण 400 फेरे घेतं; 16 सिलिंडर, फोर-स्ट्रोक, म्हणजे सेकंदाला 53च्या आसपास स्फोट. 53 हर्ट्झ काढायला तुमच्या घरातल्या मोठ्या स्पीकरलाही धाप लागते. पण कान हुशार असतो. त्या खर्जाच्या वरच्या पटी ऐकू आल्या की मूळ खर्ज तो स्वतःच भरून काढतो. मोबाइलवर तबल्याचा डग्गा ऐकतोच की आपण. ही किमया साधायची तर आवाज बेताचा ठेवावा लागतो. लोकसाउंडमध्ये सीव्ही 63 (एकूण आवाजाचं सेटिंग) कमी करा. पूर्ण आवाजावर पडदा फडफडतो आणि त्या पटींचाही चुथडा होतो. प्रदर्शनात कर्कश इंजिनं ऐकून आलेल्यांनी हा मेसेज सगळ्यात जास्त पुढे ढकलला असावा.

‘मोटर जळते’ हे तर उलटंच आहे. जळलाच तर डिकोडर जळतो. जुन्या बऱ्याच इंजिनांत मोटरचा एक ब्रश थेट चेसिसला टेकलेला असतो, आणि चेसिस एका रुळाला. साध्या डीसीवर (डिकोडरशिवाय, रुळाची वीज थेट मोटरला) ते चालून जातं. डिकोडरला मात्र मोटरच्या दोन्ही तारा फक्त स्वतःच्या हाती हव्यात. रुळाची वीज मागच्या दाराने मोटरपर्यंत पोचली की खेळ खलास. तपासायला मल्टिमीटर पुरतो. मोटरच्या दोन्ही तारा सोडा, मीटर बीपवर ठेवा, एक टोक ब्रशला आणि दुसरं एकेका बाजूच्या चाकांना लावा. दोन्ही ब्रश, दोन्ही बाजू, एकदाही बीप होता कामा नये. झाला तर मोटर उचलून खाली कॅप्टॉन टेप (वीजरोधक चिकटपट्टी) लावा, चेसिसचा स्क्रू नायलॉनचा करा, पुन्हा तपासा. मग डिकोडरची लाल नि काळी वायर रुळांकडे, नारिंगी नि करडी मोटरला. आणि पहिली वीज प्रोग्रामिंग ट्रॅकवरच (डिकोडरची सेटिंग करायच्या वेगळ्या रुळावर) द्या. तिथे करंट मर्यादित असतो, त्यामुळे चूक असली तरी सहसा धूर निघत नाही. डिकोडरने आपला पत्ता 3 असा नीट सांगितला की मगच मोठ्या लेआउटवर ठेवा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंट्रोल पॅनल जोडणारी माणसं गावभर असताना नाशिकमध्ये या कामाची धास्ती घ्यावी, याचं नवल वाटतं.

लाखाचा आकडा कुठून आला कळत नाही. डीसीसी-ईएक्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आर्डुइनो मेगा हा छोटा कंट्रोलर बोर्ड, त्यावर मोटर शील्ड (रुळाला वीज देणारा जोड-बोर्ड), एक वायफायची चिप नि अ‍ॅडॉप्टर घेतला की काही हजारांत कमांड स्टेशन (रुळावर हुकूम पाठवणारा डबा) उभं राहतं आणि मोबाइलच कंट्रोलर होतो. लोकसाउंड साध्या डीसीवरही वाजतो, पण ठरावीक व्होल्टेज चढेपर्यंत मुका राहतो आणि हॉर्न मनासारखा देता येत नाही. त्यात मजा नाही.

राहिले भारतीय आवाज. डब्ल्यूडीएम-2 हे मुळात अमेरिकेच्या अल्को कंपनीचं डिझाइन. आत 16 सिलिंडरचं 251 इंजिन. याच कुळातलं इंजिन अल्कोच्या सेंच्युरी 630मध्ये होतं. त्यामुळे अमेरिकन अल्को 251 व्ही-16चा साउंड प्रोजेक्ट (डिकोडरमध्ये भरायचा तयार आवाजसंच) घेतला की मनमाड-दौंड मार्गावर वर्षानुवर्षं ऐकलेली ती धडधड बरीचशी पदरात पडते. मालगाडीच्या डब्ल्यूडीजी-4ला अमेरिकेच्याच ईएमडी कंपनीचं 710 इंजिन, त्याचे आवाज तर तेच इंजिन असलेल्या अमेरिकन एसडी70च्या निमित्ताने भरपूर आहेत. हॉर्न मात्र बदलाच, आणि अमेरिकन घंटा काढून टाका. भारतीय रंगातल्या इंजिनाने टणटण घंटा वाजवली की सगळा थाट जातो.

इलेक्ट्रिकच्या बाबतीत मेसेजवाल्याच्या पदरात थोडं माप टाकावं लागेल. डब्ल्यूएपी-7 हे प्रवासी गाड्यांचं इलेक्ट्रिक इंजिन सुटताना जो सुरांत चढत जाणारा आवाज येतो, तो कन्व्हर्टरचा (मोटरला हवी तशी वीज बनवून देणाऱ्या यंत्रणेचा). दुसऱ्या कुठल्या इंजिनाचा तिथे चिकटवून भागत नाही. तो स्वतः रेकॉर्ड करावा लागतो. नाशिक रोडला प्लॅटफॉर्म तिकीट काढा, इंजिन जिथे थांबतं त्या टोकाला, पण पिवळ्या रेषेच्या मागेच उभे राहा. माइकला स्पंज लावा आणि घोषणा संपेपर्यंत थांबा. घरी आल्यावर आवाजाचे तुकडे करून लोकप्रोग्रामर या ईएसयूच्याच उपकरणाने लोकसाउंड डिकोडरमध्ये भरता येतात. साउंडट्रॅक्स या दुसऱ्या कंपनीच्या डिकोडरमध्ये असे स्वतःचे आवाज भरता येत नाहीत, तेव्हा डिकोडर घेण्याआधीच हे ठरवलेलं बरं.