शब्द ७ टक्के म्हणे! मग कापसाचा भाव फोनवर कसा ठरतो?

पुतण्याचं यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात कृषी केंद्र, म्हणजे बियाणं-औषधांचं दुकान आहे. गेल्या खरिपात त्यानं काउंटरच्या काचेखाली एक कागद ठेवला. व्हॉट्सअॅपवर फिरणारे 'धंद्यात संवादाचे पाच नियम'. एक, संवादात शब्द फक्त ७ टक्के, आवाज ३८, देहबोली ५५. दोन, गावठी बोली सोडा, शुद्ध बोला, इंग्रजी शब्द पेरा. तीन, डोळ्यात डोळे घालून बोला. चार, सतत हसा. पाच, कमी बोला. हाच मजकूर मला तीन ग्रुपवर आला तेव्हा गप्प बसलो होतो. घरच्या दुकानात दिसल्यावर राहवेना.

आधी ते टक्के. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या दोन प्रयोगांतून ते निघाले. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले होते. दुसऱ्यात 'मेबी' हा एकच शब्द नि सोबत चेहऱ्यांचे फोटो. विचारलं काय, तर बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड. भावना नि आवडनावड सोडून बाकी बोलण्याला हे सूत्र लागत नाही, हे खुद्द मेहराबियन यांनीच लिहून ठेवलंय. औषधाची मात्रा नि उधारीची तारीख यात कुठली आली आवडनावड? कापूस घेणारा जिनिंगवाला सकाळी फोनवर भाव सांगतो, त्यात देहबोली शून्य. तरी गाडी बरोबर त्याच्याच फाटकात लागते!

बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे व्हायचे हे मान्य. पण राजेहो, ती बोटंसुद्धा आकडेच सांगायची.

खरा ताप दुसऱ्या नियमानं दिला. एक म्हातारे काकाजी कपाशीवरच्या अळीचं औषध न्यायला आले. पुतण्या ताठ उभा, हसून म्हणाला, "टू एमएल पर लीटर, प्रमाण काटेकोर ठेवा." काकाजींनी मान डोलावली. "हो हो, समजलं ना बापू." त्या ५५ टक्क्यांच्या हिशोबानं संवाद फत्ते. चौथ्या दिवशी ते परत आले. "दोन झाकनं टाकली पंपाले, अळी तं जशीच्या तशी हाय. आता चार टाकतो."

अडचण इथे आहे. लेबलवर मात्रा हेक्टरी छापलेली, दुकानदार लिटरनं सांगतो, शेतकरी फवारणीचा पंप नि बाटलीचं झाकण यानं मोजतो. झाकणात किती मावतं ते बाटलीगणिक बदलतं. पुड्यातला माहितीचा कागद तर भिंग घेऊनच वाचावा. २०१७ मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, औषधांचं मिश्रण, तोंडाला नुसता रुमाल, अशी बरीच कारणं होती. सगळं खापर बोलण्यावर फोडत नाही. पण ज्या जिल्ह्यानं ते पाहिलं, तिथल्या दुकानात शब्दाची किंमत ७ टक्के लावायची?

मी काकाजींना म्हटलं, "पंप कितीचा हाय?" पंधरा लिटरचा. "मंग पंपाले तीस एमएल, ह्या मापानं. आता तुमी सांगा बरं, पंपाले किती?" ते म्हणाले, "तीस. झाकन नाई, हे माप." "समजलं का?" विचारलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो. परत सांगायला लावलं की काय कळलं नाही ते बाहेर येतं.

डोळ्यात डोळे, हसणं वगैरे ठीक आहे. गिऱ्हाईक उभं असताना मोबाइलात डोकं घालू नये, एवढं तर पुतण्यालाही सांगावं लागतंच. आणि कमी बोला? किराणा दुकानात कमी बोला. विष विकताना नाही.

कागद अजून काचेखालीच आहे, फक्त पालथा. कोऱ्या बाजूवर पुतण्यानं ठळक लिहिलंय: लिटरले २ तं १५ लिटरच्या पंपाले ३०.