अज्ञात इसम कसे व्हावे

सोलापुरात नाव कमावणं आता काही अवघड राहिलेलं नाही. वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लावला की काम झालं. वर आपण गॉगल घालून, खाली तीस-चाळीस शुभेच्छुक. अवघड आहे ते नाव घालवणं. ज्याला गल्ली ओळखते, पानटपरी ओळखते, पतसंस्थेचा वसुलीवाला तर पाठमोरासुद्धा ओळखतो, अशा माणसाने एका दुपारीत 'अज्ञात इसम' होऊन दाखवायचं म्हणजे गंमत नाही. तरी दर उन्हाळ्यात आपल्याकडे कितीतरी जणांना ही सिद्धी प्राप्त होते. 'माळरानाला आग, अज्ञात इसमाचे कृत्य' अशी चार ओळींची बातमी येते, आणि तो इसम घरी चहात बटर बुडवत तीच बातमी बायकोला वाचून दाखवत असतो.

तुम्हालाही हे जमेल. साहित्य फार लागत नाही. एक काडेपेटी, तीही अर्धी असली तरी चालेल.

मुहूर्त वनखात्यानेच काढून ठेवलाय. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आपल्या राज्यात वणव्याचा हंगाम धरतात. या दिवसांत वनात विस्तव नको, असं ते परोपरीने सांगतात. 1927 चा भारतीय वन अधिनियम तर त्याच्याही पुढे जातो. राखीव वनात आग लावणं सोडाच, वन अधिकाऱ्याने ठरवून दिलेला मोसम सोडून तिथे विस्तव पेटवणं, बाळगणं, नुसता घेऊन फिरणं हासुद्धा कलम 26 खाली गुन्हा आहे. पण हा कायदा इंग्रजांचा. इंग्रज गेले, काडेपेटी राहिली, यातून काय तो बोध घ्या. अभयारण्यासाठी 1972 च्या वन्यजीव कायद्यात वेगळं कलम आहे, तिसावं. त्यात तीन वर्षांपर्यंत आत जाता येतं. घाबरू नका. या सगळ्या कलमांची गोम एकच आहे. आरोपीला नाव लागतं.

आता जागा. बार्शी रस्त्याला नान्नज आहे. तिथलं माळढोक अभयारण्य 1979 चं, तेव्हा कागदावर 8,496 चौरस किलोमीटर होतं. गावं, शाळा, साखर कारखाने सगळेच अभयारण्यात राहत होते. पुढे ते कापून 1,222 च्या आसपास आणलं. अभयारण्य आटलं, माळढोक पक्षी त्याहून जोरात आटले. आता एखाद-दुसरा दिसला तरी त्याची बातमी होते. एवढ्या लांब जायला पेट्रोल परवडत नसेल तर विजापूर रोडवर सिद्धेश्वर वनविहार आहेच. सकाळी फिरायला जाता जाता पालापाचोळ्याचा ढीग करून पेटवून दिला की व्यायामही होतो आणि स्वच्छतेचं पुण्यही पदरात पडतं.

'पण तिथे जंगल कुठंय?' असं तुमच्या मनात आलं असेल तर अभिनंदन. अर्धी साधना इथेच पुरी झाली. जंगल म्हणजे साग, बांबू, वाघ, जिप्सी आणि ऑनलाइन बुकिंग. आपल्याकडे काय, तर गुडघ्याएवढं वाळकं गवत, मोज्यात घुसणारी कुसळं आणि क्षितिजावर एक बोरीचं झुडूप. सात-बाऱ्याच्या भाषेत पोटखराब, आपल्या भाषेत मोकळी जागा. मोकळ्या जागेला आग लागली तर जळणार काय? मोकळी जागाच ना!

तिथे कुणी राहतं, असं पक्षीवाले सांगतात. टिटवी, धाविक, पखुर्डी ही मंडळी ऐन उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालतात. घरटं म्हणाल तर चार खडे इकडे, चार तिकडे. अंडी अशी मातकट, ठिपक्याठिपक्यांची, की पायाखाली आली तरी कळणार नाहीत. शिवाय खोकडाची बिळं, गवतात दबून बसलेले ससे, तितराची पिल्लं. माळढोकाची मादी पावसाळ्यात एका खेपेला सहसा एकच अंडं घालते, तेही जमिनीवरच. एवढ्या मोठ्या पक्ष्याने झाडावर घर बांधायला काय हरकत होती, कळत नाही. ज्यांना साधं नियोजन जमत नाही त्यांची काळजी आपण कुठवर करायची?

तर, मुख्य विधी. हुरड्याचा मोसम संपला तरी हौस संपत नाही, म्हणून मार्चच्या एखाद्या रविवारी पाच-सहा जण जमा. गाडी डांबरी सोडून थेट गवतात घाला. पन्नास किलोमीटर तापून आलेला सायलेन्सर आणि त्याला भिडलेलं वाळकं गवत, ही जोडी जमली तर काडीचाही खर्च वाचतो. पण नशिबावर विसंबू नये. तीन दगड मांडा, मटणाचं पातेलं चढवा. भोवतीचं गवत काढून मातीचा पट्टा मोकळा करायचा असतो म्हणे. काढू नका. पाठ टेकायला काय उरणार?

जेवण झालं की सगळ्यात नाजूक टप्पा येतो. विस्तव विझवण्याचा. विझवायची खरी रीत अशी, की निखाऱ्यावर पाणी ओतायचं, काठीने राख तळापासून ढवळायची, परत पाणी ओतायचं, आणि उलटा हात धरून गार लागतंय का पाहायचं. गार लागेपर्यंत उठायचं नाही. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथल्या माणसाला हे सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. बाटल्यांमधलं पाणी तर ग्लासांसाठी मोजून आणलेलं. तेव्हा आपली सोलापुरी पद्धत वापरा. एकाने उभं राहून विचारायचं, "काय बे, विझली का?" दुसऱ्याने बसल्या बसल्या म्हणायचं, "विझली की बे." झाली विझून. गोवरी वरून पांढरी झाली म्हणजे मेली, अशी आपली श्रद्धा आहे. आतून ती रात्रभर लाल असते आणि पहाटेच्या वाऱ्याची वाट बघत बसते, पण पहाटे आपण कुठे असतो?

हे मी ऐकीव सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्हीही असेच जमलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी राहिलेलं पातेलं आणायला दोघे परत गेलो. चुलीपासून पुढे शंभरेक पावलं माळ काळा झालेला. एका बैलगाडीच्या वाटेपाशी येऊन आग थांबली होती. वाटेच्या पलीकडे गवत सरळ दूरपर्यंत. वर एक टिटवी नुसती ओरडत गोल गोल फिरत होती. आम्ही पातेलं उचललं आणि आलो. गाडीत कुणी काही बोललं नाही. पातेलं अजून घरात आहे, त्यात दिवाळीचा चिवडा करतात.

असो. शेतकरी बांधवांना वेगळं मार्गदर्शन लागत नाही, त्यांचा हात तयार आहे. उसाचं पाचट असो की बांधावरचं तण, ते दुपारी बारा ते तीनमध्येच पेटवावं. सकाळी गवताला जरा ओल असते, वारं पडलेलं असतं, आग हवी तिथेच जळते आणि हवी तेव्हा विझते. त्यात कसली मजा? आधी बांधाकडेने नांगराचे दोन फेर मारणारे, पंपात पाणी भरून ठेवणारे, शेजाऱ्याला निरोप देणारे, किंवा पाचट न जाळता कुट्टी करून रानातच कुजवणारे लोक असतात. त्यांच्या नादी लागू नका. त्यांची नावं कृषिमेळाव्यात पुकारतात. एकदा नाव पुकारलं गेलं की अज्ञात राहणं मुश्कील.

'जाळलं की गवत जोमानं येतं' हे वाक्य तोंडपाठ करून ठेवा, कुठेही उपयोगी पडतं. फक्त मेंढरं राखणाऱ्या एखाद्या मामासमोर म्हणू नका. ते विचारतील, "मार्चात जाळलंस, जुलैत उगवंल. मधी चार महिनं जित्राबानं काय राख चाटायची का?" वर हेही सांगतील, की सारखं जाळलेल्या माळावर पवना-मारवेलासारखं गोड गवत हटतं आणि कुसळीच माजते. त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते, जी तुम्हाला-मला नसते. त्याच कलम 26 मध्ये पुढे लिहिलंय, की आग मुद्दाम किंवा घोर हलगर्जीने लागली असेल तर त्या वनातला चराईचा हक्कच सरकार काही काळ थांबवू शकतं. म्हणजे मटण आपलं, काडी आपली आणि उपास त्यांच्या मेंढरांना. इतकी सोयीची वाटणी फार कमी कायद्यांत सापडते.

बाहेरच्या देशांतही या क्षेत्रात चांगलं काम चालू आहे. अमेरिकेत सरकारी जमिनींवर उन्हाळ्यात पायऱ्यापायऱ्यांनी बंदी लावतात. पहिल्या पायरीला शेकोटी फक्त नेमून दिलेल्या जागी, लोखंडी कड्यातच. सिगारेट ओढायची तर गाडीत बसून, नाहीतर गवत साफ केलेल्या जागेत उभं राहून. दुसऱ्या पायरीला शेकोटी कुठेच नाही, आणि दुपारी एकनंतर इंजिनवरची करवतही बंद, ठिणगी उडते म्हणून. इतकं करूनही सप्टेंबर 2020 मध्ये कॅलिफोर्नियात एका जोडप्याने होणारं बाळ मुलगा की मुलगी हे रंगीत धुराचं नळकांडं उडवून जाहीर करायचं ठरवलं, आणि 22 हजार एकरांहून जास्त रान जळालं. विझवताना एक जवान गेला. त्या जोडप्याची चूक एवढीच, की नाव लपलं नाही. खटला चालला. आपल्याला हा मार्ग तसाही बंद आहे. पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे सांगणं आपल्याकडे 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे. पण निराश होऊ नका. मित्राचा वाढदिवस आहे, वरातीतले फटाके आहेत, आणि जळता कागदी कंदील आकाशात सोडला की तो कुठे उतरेल ते त्यालाही माहीत नसतं.

आग लागली की काय करायचं? पहिल्यांदा गाडी. मग व्हिडिओ, पण चालत्या गाडीतून, मागच्या काचेतून. 1926 हा वनखात्याचा फुकट लागणारा नंबर आहे, तो चुकूनही फिरवू नका. पलीकडचा माणूस अगोदर विचारतो, "कुठून बोलताय?" आणि मग विचारतो, "आपलं नाव?" इथवर केलेली सगळी साधना त्या एका प्रश्नात पाण्यात जाते.

तुम्ही कळवलं नाही म्हणून आग लपते असं नाही. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे उपग्रहांवरून आगीचे ठिपके येतात आणि तिथून त्या त्या भागातल्या वन कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर संदेश पडतो. त्यातल्या बारीक नजरेच्या उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे जमिनीवर 375 मीटरचा चौकोन. त्या चौकोनात तुमचं पातेलं, तुमची एसयूव्ही, तुमचे पाच मित्र आणि तुम्ही आरामात मावता. वरून आग दिसते, तुम्ही दिसत नाही.

मग गार्ड येतो, चार मजूर येतात. पाठीला ब्लोअर असला तर असला, नाहीतर लिंबाच्या ओल्या डहाळ्यांनी आग झोडपायची. बाहेर 42 अंश, आत किती ते मोजायला कुणी गेलेलं नाही. तुम्हाला त्यांच्याबद्दल फारच वाईट वाटायला लागलं तर एक युक्तिवाद जवळ ठेवा. हंगाम सुरू व्हायच्या आत वनखातं स्वतःच माळावर पट्टे जाळतं. त्याला जाळरेषा म्हणतात. पट्टा आधीच जळलेला असला की पुढे आलेल्या आगीला खायला काही मिळत नाही, ती तिथे थांबते. हे शेवटचं वाक्य सांगत बसू नका. 'वनखातंच जाळतंय की!' एवढं पुरे. पानटपरीवर यापुढे चर्चा जात नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो येतील. जळलेल्या कासवाचा, काळ्या पडलेल्या घरट्याचा. रडका चेहरा टाका, खाली लिहा, 'माणूस कधी सुधारणार?' सत्तर जण अंगठा देतील. पंचनामा होईल, त्यात तुमचा उल्लेख तृतीयपुरुषी, एकवचनी आणि बिननावाचा असेल.

आणि 5 जूनला त्याच जागी वृक्षारोपण आहे. पत्रिका येईलच. खड्डे खणून ठेवलेत, जागा शोधावी लागणार नाही, रस्त्यावरून काळी दिसते. टोपी घालून या, फोटोत पुढच्या रांगेत उभं करतो आणि फ्लेक्सवर नावही घालतो, मोठ्या अक्षरात. फक्त येताना काडेपेटी तेवढी आणा. उदबत्ती लावायची वेळ आली की दर वर्षी कुणाकडेच नसते.