सड्यावरची मोजणी

भाची वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करतेय आणि मामा निवृत्त आहे, एवढ्या भांडवलावर भर श्रावणात माझी नेमणूक रत्नागिरीजवळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माळावर, झाली. काम म्हणे सोपं. पाइपची एक मीटर बाय एक मीटर चौकट जमिनीवर ठेवायची, आतली झाडं जातवार मोजायची. मग हेच शेजारच्या देवराईत.

चौकट कुठे ठेवायची ते मात्र मोबाइल ठरवतो. तो दोन आकडे काढतो: इतकी पावलं पुढे, इतकी उजवीकडे. हे आकडे नेमके करवंदीच्या जाळीत नेतात.

"जरा अलीकडे ठेवूया की."

"मामा, सोयीच्या जागा मोजल्या तर सोयीचंच उत्तर येईल!"

हे मी जाळीच्या आतून ऐकलं.

सड्यावर मला नुसतं गवत दिसत होतं. तिने पालथं पडायला लावलं. बघतो तर जांभळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, चिकट थेंब मिरवणारं दवबिंदू! कातळावरच्या चिमूटभर मातीत नायट्रोजनची बोंब, म्हणून आसवं आणि दवबिंदू चक्क किडे खातात. मी श्रावण पाळतोय आणि नाकासमोर हे चाललेलं. गवताचं एक रोप कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे गवतालाही माहीत नसावं. तिथे आम्ही झाकलेल्या जागेची टक्केवारी लिहून सुटलो.

देवराईत पान तोडायची बंदी, त्यामुळे नमुने नाहीत, फक्त फोटो. दाट सावलीत लहान चौकटीत पाचोळा आणि डास. मोठ्या झाडांसाठी दहा बाय दहा मीटरची दोरी बांधली आणि छातीच्या उंचीवर घेर मोजायला मी टेप घेऊन खोडांभोवती फिरू लागलो. वटपौर्णिमा होऊन गेली होती, तरी.

दोरी बघून वाडीतले तात्या धावत आले. "मोजणी आली काय? नोटीस कुठाय? सातबाऱ्यावर आमची बारा नावं आहेत!"

भाचीने त्यांना बसवून जातींची विविधता मोजणारा सिम्पसनचा निर्देशांक सांगितला. सगळी झाडं एका टोपलीत आहेत असं समजायचं, डोळे मिटून दोन उचलायची. ती वेगळ्या जातींची निघण्याची शक्यता किती, तो आकडा. सगळी एकाच जातीची असतील तर शून्य.

तात्यांनी विचार केला. "आमच्या वाडीची मतदारयादी घे. कुठलेही दोन उचल, आडनाव एकच."

"मग शून्य, तात्या."

"आणि भांडणं मोजलीस तर?"