मंजूर भार दोन किलोवॅट

मे महिन्यात आमच्या अमळनेरला दुपारी नळ उघडला, तर गच्चीवरच्या काळ्या टाकीतून जे पाणी येतं त्यात चहापत्ती टाकावी, रंग उतरेल. पारा 44-45 वर असतो. हॉट टबातलं, म्हणजे बसून अंग शेकायच्या मोठ्या टबातलं, पाणी जास्तीत जास्त 40 अंशांवर ठेवायचं, असं टब बनवणारेच सांगतात. म्हणजे आमच्याकडे मे महिन्यात टबात उतरणारा माणूस गारव्यासाठी उतरणार. अशा गावात हॉट टबाची हौस कुणाला व्हावी?

मला झाली. कारण खान्देशचं ऊन सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, पण थंडी फक्त खान्देशालाच. जानेवारीत सातपुड्याकडून वारं सुटलं की पारा आठ-नऊवर येतो आणि माझी कंबर मला विचारल्याशिवाय संप पुकारते. त्यात पुण्याहून मुलाने टबाचे फोटो पाठवले. "पप्पा, कंबरेसाठी बेस्ट. आणि छोटा पण मिळतो."

छोटा म्हणजे 800 लिटरचा, हे फोटोत दिसत नाही. आईने माझ्या मोबाइलवर तो फोटो लांब धरून पाहिला. "आंग धवाले इतलं पानी लागस का? म्हैस बांधनी शे का वाडामा?"

मी जरा अभ्यास केला. या टबाचा इतिहास आपल्या शेतकऱ्यांना अगदी जवळचा निघाला. अमेरिकेत गेलेले जॅकुझी नावाचे इटालियन भाऊ टबाच्या आधी विहिरीवरचे पंप करायचे. त्यांतल्या कँडिडोच्या मुलाला लहानपणीच संधिवात झाला. त्याला घरीच शेक मिळावा म्हणून बाथटबात ठेवायचा पंप तयार झाला आणि 1956 मध्ये तो बाजारात आला. पुढे 1968 मध्ये त्याच घरातल्या रॉय जॅकुझीने पंप टबातच बसवून टाकला. थोडक्यात, माणसाच्या पाठीवर सोडलेली विहिरीची मोटर. हे मी घरात मोठ्या उत्साहाने सांगितलं. बायको म्हणाली, "आपली मोटर परवाच जळाली आहे, ती आधी भरून आणा."

सुरतच्या एका विक्रेत्याला फोन लावला. त्याने नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पहिला प्रश्न, "साहब, थ्री फेज है ना?" नाही म्हटल्यावर आवाज पडला. मोठ्या टबांना 32 अँपिअरची लाइन लागते, म्हणाला. छोटे, हवा भरायचे टब 16 अँपिअरच्या पॉवर प्लगवर चालतात. "आप लाइट बिल का फोटो भेजो." मुलगी पाहायला गेल्यावरसुद्धा पगाराची स्लिप इतक्या लवकर मागत नाहीत.

बिलावर एक ओळ असते, जी मी आजवर कधी वाचली नव्हती : मंजूर भार. आमचा 2 किलोवॅट. म्हणजे 230 व्होल्टवर जेमतेम 9 अँपिअर. आमचा गिझरच 2 किलोवॅटचा आहे. तो लावला की भार संपला; त्यानंतर घरात पेटणारा प्रत्येक बल्ब पाहुणा.

मग मी वही घेऊन बसलो. एक युनिट वीज साधारण 860 लिटर पाणी एक अंशाने तापवते. जानेवारीतलं पाणी 22 अंशांचं धरलं आणि 800 लिटर 40 पर्यंत न्यायचं म्हटलं तर 17 युनिट होतात. दोन किलोवॅटच्या हीटरला साडेआठ तास. ते पाणी वाटेत अजिबात निवलं नाही तर. आणि उघड्या पाण्याची उष्णता सगळ्यात जास्त जाते ती वाफेवाटे, म्हणून झाकण हवंच. विक्रेत्याने ते वेगळ्या किमतीत सांगितलं.

हा हिशेब 230 व्होल्टचा. आमच्या पेठेत रब्बीचं पाणी सुरू झालं की व्होल्टेज 180 वर येतं. आता गंमत अशी की व्होल्टेज जितकं कमी, हीटर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात मंद. 180 वर तो 2000 वॅटचा हीटर सव्वाबाराशे वॅटचा होतो. साडेआठ तासांचे चौदा झाले. सकाळी सहाला लावावा, तर रात्री आठला पाणी तयार. आणि नेमकी तेव्हा डीपी उडाली की 800 लिटर कोमट पाणी आणि त्यात मी.

बरं, या चौदा तासांत घरात दुसरं काय चालणार? टब घेणं म्हणजे वडिलोपार्जित शेताची वाटणी आहे, हे मला तेव्हा कळलं. मिक्सर बायकोच्या वाट्याचा, इस्त्री धाकटीच्या, पाण्याची मोटर सगळ्यांच्या सामाईक विहिरीसारखी. प्रत्येकाला आपला अँपिअर बांधापर्यंत हवा. "तुमचा टब तापेपर्यंत मी चटणी पाट्यावर वाटू का?" या प्रश्नाला उत्तर देणारा नवरा खान्देशात अजून जन्मायचा आहे.

वायरमन आला. त्याने बोर्ड उघडला आणि बराच वेळ आत पाहत राहिला. आत चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आणि त्यांत वडिलांच्या हातची, चार पदरी वळलेली तांब्याची तार. ती आजवर कधी वितळली नव्हती, याचा मला अभिमान होता. त्याने स्क्रू-ड्रायव्हरने हळूच टोचून पाहिली. "आप्पा, ही वितळणार नाही. आधी घर वितळेल." मग त्याने यादी सांगितली. भार वाढवायचा अर्ज, टबासाठी थेट मेनवरून 4 स्क्वेअर एमएमची वेगळी लाइन, वेगळा एमसीबी, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज अंगातून जायला लागली की लाइन तोडणारा स्विच, आणि अर्थिंगचा नवा खड्डा. मी आरसीसीबीवर घासाघीस करून पाहिली. तो म्हणाला, "पाण्यात बसणार कोण, तुम्ही का मी?" यात तो बरोबर होता. वीज आणि ओलं अंग यांच्यामध्ये पैसे वाचवणाऱ्याला माझा पाठिंबा नाही.

छोट्या टबांची आणखी एक खोड त्या विक्रेत्याने शेवटी, हळूच सांगितली. कमी अँपिअरच्या मॉडेलमध्ये बुडबुडे सुरू केले की हीटर बंद होतो. दोन्ही एकदम लोड घेत नाहीत. शिवाय बुडबुड्यांची हवा बाहेरची, म्हणजे जानेवारीची. तेव्हा गरम हवं की गुदगुल्या, ते आधी ठरवायचं.

जागेचा प्रश्न अजून वेगळाच. जुनं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या छताचं, तिथे पावसाळ्यात मांजरही जपून चालते. नवी गच्ची स्लॅबची, पण अशा गच्चीला चौरस मीटरला दीडशे किलो भार धरतात आणि भरलेला टब, आत दोन माणसं, म्हणजे चारशेच्या पुढे. शालकाने सुचवलं, शेतात ठेवा, तिथे थ्री फेज आहे. आहे की. पण ते कधी कधी मध्यरात्री येतं. रात्री दोन वाजता उसाच्या कडेला, वाफाळत्या पाण्यात, उघडा मी. आणि गावोगाव बिबट्याच्या बातम्या. कंबरेचा प्रश्न कायमचा मिटला असता.

बायको म्हणाली, "चोपड्यावरून अडावदच्या पुढे उनपदेव आहे. जमिनीतून गरम पाणी येतं, चोवीस तास. तिथे कुणी मीटर विचारत नाही." बरोबर आहे, पण कंबर धरल्यावर एसटीत बसून उनपदेवला जाता येत असतं, तर ती धरली नसती.

शेवटी मार्ग निघाला तो गच्चीवरूनच. आमचा सोलर 200 लिटरचा आहे. हिवाळ्यातही स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्यात 58-60 अंशांचं पाणी मिळतं. गार पाणी मिसळलं की 40 अंशांचं चारशे लिटर सहज. म्हणजे एका माणसाचा 300 लिटरचा फायबरचा टब, मोटर नाही, हीटर नाही, जाड फोमचं झाकण. अँपिअर शून्य. विक्रेत्याला सांगितलं तर म्हणाला, "साहब, वो तो सिर्फ टंकी है." मी म्हटलं, हो, तीच पाठवा.

घरात याला विरोध होईल म्हणून मी कंबरेवर पूर्ण भाषण तयार ठेवलं होतं. ते लागलंच नाही. नळाला पाणी रोज येत नाही. आलं की आमच्याकडे पातेली, बादल्या, पाहुण्यांचा हंडासुद्धा भरून ठेवतात. बायकोने 300 लिटर आणि झाकण एवढे दोनच शब्द ऐकले आणि लगेच होकार दिला. टब आता न्हाणीघराच्या ओट्याला लागून आहे, काठोकाठ भरलेला, झाकण लावून. मी त्यात कधी बसायचं ते नळ कधी येतो त्यावर आहे, आणि वापरलेलं पाणी धुण्याला जाणार असल्यामुळे आत साबण लावायचा नाही.